गेनू आणि मुकी देवराई

बोरमाळ गावात गेनू नावाचा शेतकऱ्याचा पोर राहायचा. उष्ट्या हातानं कावळा हाकणार नाही, असा! घरात आई नव्हती, बाप दिवसभर रानात. दोन भाकरींत तिघांचं भागायचं, तरी धाकट्या बहिणीच्या, पारूच्या वाट्यातला तुकडा हा लांबवायचाच. पारू मात्र खुदुखुदु हसायची.

ज्वारी काढताना बोरमाळला शेताचा एक कोपरा पाखरांसाठी उभा ठेवतात. यंदा गेनूनं तोही कापला, लाह्या भाजल्या आणि एकट्यानं फस्त केल्या. दुसऱ्या दिवशी गावात एकही चिमणी चिवचिवली नाही. तिसऱ्या दिवशी पारू हसली, तेव्हा नुसते ओठ हलले. आवाजच नाही!

भर दुपारी गेनू रिकाम्या शेतात गेला. वारा नव्हता, तरी बुजगावण्याची बाही हलत होती. बुजगावण्याच्या खांद्यावर बोटाएवढी परी बसली होती. पंख ज्वारीच्या कोंड्यासारखे पातळ, सोनेरी, चमचमते.

"गेनूबाळा, पारूचा आवाज देवराईत अडकलाय. आणायला तूच जायचंस."

"मीच का? शेजारच्या हणम्याला धाड की. त्यो लई गुणाचा हाय."

"हणम्याला काही द्यायला जड जात नाही, राजा. तिथं जड जाणाऱ्याचंच देणं चालतं. एकच इच्छा माग. पण बदल्यात एक आवाज तिथं ठेवावा लागेल."

गावामागच्या त्या देवराईत कुणी कधी कुऱ्हाड नेत नसे. आत फांदीफांदीवर पाखरं बसलेली. निळी, तांबडी, मोरपंखी. हजारो चोची उघड्या, आणि आवाज एकीचाही नाही. सगळे डोळे गेनूवर खिळलेले. त्याच्या पायाखाली पाचोळासुद्धा वाजेना.

खालच्या फांदीवर एक इवलंसं पोपटी पाखरू थरथरत होतं. गेनूनं ओळखलं, हे आपल्या पारूचं हसू!

"हणम्याचा आवाज ठिवून घे," तो सोबत आलेल्या परीला म्हणाला. "न्हाईतर आमच्या कुत्र्याचा."

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र होय रे?" परी हळूच म्हणाली.

पाखराचा पोपटी रंग बघता बघता फिका पडू लागला. गेनूला रडू फुटलं.

"माझा घे! पारूला नि समद्या पाखरास्नी बोलू दे!"

त्याचा गळा गारठला. परीचा लख्ख उजेड झाला, पानापानांवर सांडला आणि विरून गेला. सारी राई किलबिलत आभाळात उडाली.

घरी पारू धावत आली. "दादा, कुटं हुतास रं?"

गेनूनं तोंड उघडलं. काहीच उमटलं नाही. त्याला भीती वाटली, पण तिचा आवाज ऐकून त्याहून जास्त आनंद झाला. ती बोलत बसली, तो ऐकत बसला. मग ती म्हणाली, "मला भूक लागली."

टोपल्यात अर्धीच भाकरी उरली होती. गेनूनं ती मोडली आणि मोठा तुकडा पारूपुढे धरला. त्याच्या गळ्यात काहीतरी फडफडलं, राईतलं पाखरू परतल्यासारखं.

"घे," तो म्हणाला.