चितारणीचा तिसरा डाव

एका राज्यात सिंहासन होतं, पण त्यावर राजा नव्हता. राजा होता गंजिफेच्या, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या, एका गोल पानात. कवडीनाथ नावाच्या मांत्रिकाशी खेळायला बसला, हरला आणि पान झाला. त्याच्या पाठोपाठ प्रधान गेला, सेनापती गेला, दोघांचीही पानं झाली. पुरुषांना एकदा बघून कळत नाही. खेमा चितारी तर पानं रंगवणारा साधा माणूस, त्याला खेळता कुठं येत होतं? पण राजाला सोडवतो म्हणून गेला, आणि तोही पान झाला.

मागे राहिली त्याची बायको पवळा. सात वर्षं तिनं रोज दोन ताटं वाढली. एक आपण जेवली, दुसरं गाईला घातलं. सातव्या वर्षी गाय मेली. दुसरं ताट भरलेलं तसंच राहिलं. त्या ताटाकडे पवळा बराच वेळ बघत बसली. मग उठली, पदर खोचला आणि मांत्रिकाच्या गढीवर गेली.

गढीत एक साळुंकी होती. खेळाची साक्षीदार तीच. तिनं नियम सांगितला. गड्डीतून पान ओढावं, पालथं ठेवावं आणि त्याचं नाव बोलावं; हरलेली माणसंही त्याच गड्डीत होती. समोरच्यानं ‘मान्य’ म्हणावं, नाहीतर ‘खोटं’. खोटं पकडलं गेलं तर ठेवणारा हरला. खऱ्याला खोटं म्हटलं तर म्हणणारा हरला. मान्य झालेलं पान कामाला लागतं. सात पानं ज्याची आधी मांडून झाली, डाव त्याचा.

“पणाला काय लावतेस, बाई?” कवडीनाथानं विचारलं.

“माझ्यापाशी काय आहे?”

“नवऱ्याचा आवाज आहे. तुझ्या कानात.”

पहिला डाव पवळा सरळ खेळली. जे पान, तेच नाव. कवडीनाथानं हत्तीमागून हत्ती मांडले. वीतभर उंचीचे हत्ती पटावर सोंडा हलवत उभे राहिले आणि सात पानं झाली. त्या क्षणापासून पवळेला आठवेना, खेमा अंगणातून हाक कशी मारायचा. त्याचे ओठ हललेले दिसत, आवाज येत नसे.

दुसऱ्या डावाला तिनं त्याचा चेहरा लावला. या खेपेला ती खोटं खेळली. हातात साधी विहीर होती, ती पालथी ठेवून ‘किल्ला’ म्हणाली. हात थरथरला.

कवडीनाथ हसला. “खोटं. बाई, तुझा हात चहाडखोर आहे.”

चेहरा गेला. नाकडोळे, मिशी, सगळं पुसलं गेलं. पवळा तिथंच बसून रडली. मग नाक पुसलं आणि म्हणाली, “तिसऱ्या डावाला मी स्वतः. तू काय लावतोस?”

“सगळी पानं लावतो, वर स्वतःलाही. तू काय जिंकणार आहेस?”

तिसऱ्या डावात त्यानं हत्ती मांडले, तोफा मांडल्या, बुरूज मांडले. पवळेनं विहीर मांडली. विहीर मांडली की दर खेपेला एक पान जास्त ओढायला मिळतं. विहिरीवर तिनं मोट मांडली, दोन पानं जास्त. मोटेखाली मळा मांडला, तीन जास्त. पटावर पाणी खळखळू लागलं. कवडीनाथानं विचारलं, खेळायला आलीस की शेती करायला? तिनं मान वर केली नाही. त्याला जिंकायचं होतं. हिला शोधायचं होतं.

कवडीनाथाची सहा पानं झाली. एकच राहिलं. पवळेनं चार पानं ओढली. तीन भाताची होती. चौथ्यावर एक माणूस होता, आणि तो तिला परका वाटला. पण त्याच्या डाव्या बाहीवर लाल डाग होता.

खेमा कुंचला बाहीला पुसायचा. डाव्याच बाहीला. तिनं हजारदा सांगितलं, फडकं घ्या, फडकं घ्या. ऐकलं असतं तर तो खेमा कसला? रिठ्याच्या पाण्यात ती बाही चोळून चोळून तिची बोटं सोलून निघायची, डाग काही जायचा नाही. आताही तिचा अंगठा आपोआप त्या डागावर फिरू लागला. डोळ्यांना जे ओळखता आलं नाही, ते हातांना आलं.

आणि हात कापू लागला. काही केल्या थांबेना. तसंच तिनं पान पालथं ठेवलं.

“हा माझा नवरा.”

कवडीनाथानं तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तो हाताकडे बघत होता.

“नवरा हाती लागला असता, तर तू त्याला छातीशी धरून बसली असतीस, बाई,” तो म्हणाला. “पटावर टाकला नसतास. खोटं.”

साळुंकीनं चोचीनं पान उलटलं.

पटावरचे हत्ती विरले. कवडीनाथ आकसत आकसत गेला आणि त्याचं पान झालं, वर चित्र नाही, नुसता काळा गोल. बाकीची पानं एकेक करून उभी राहिली. प्रधान, सेनापती, शेदोनशे माणसं. राजानं पगडी चाचपली, सगळ्यांसमोर पवळेला हात जोडले आणि राजवाड्याची वाट धरली. त्या दिवसापासून त्या राज्यात न्याय पुन्हा सिंहासनावरून होऊ लागला.

पवळा मात्र बसूनच होती. समोर एक माणूस उभा होता. त्यानं आपली बाही बघितली, मग तिच्याकडे बघितलं.

“पवळे,” तो म्हणाला, “फडकं घ्यायचं पुन्हा राहिलं बघ.”

आवाज कानात शिरला. त्यामागून नाक आलं, डोळे आले, मिशी आली.

“काढा तो सदरा इकडे,” पवळा म्हणाली.

त्या घरी दोन ताटं आधीही वाढली जायची. त्या दिवसापासून दोन्ही घरातच रिकामी होऊ लागली.