कोळशाला ऊन बघायचं होतं

रानात अस्वलं दिवसाढवळ्या फिरत, त्या काळची गोष्ट. जमिनीखाली एक कोळसा पडून होता. युगांपूर्वी तोही झाडच होता, म्हणून वरचा तेंदू त्याला आजोबा म्हणायचा.

रोज संध्याकाळी कोळसा विचारायचा, "आज ऊन कसं होतं रे, पोरा?"

तेंदू मुळांतून सांगायचा, "सकाळी कोवळं होतं, आजोबा. पानांतून खाली सांडलं. अस्वलीण पिलांना घेऊन त्यात माझी पिकली टेंभरं खात बसली होती."

ते ऐकून कोळशाचा जीव उन्हासाठी आणखीच तुटायचा.

एके दिवशी कुदळ आली. "वर चल," ती म्हणाली. "इथे तुला कोण विचारतं? वर तुला सोन्याचा भाव आहे. तू आलास की सगळं रान श्रीमंत होईल."

"आणि ऊन?"

"हवं तेवढं."

कोळसा निघाला. निघताना त्याने तेंदूला हाक मारली, पण उत्तर आलं नाही.

वर लख्ख ऊन होतं. सावलीचा एक तुकडा कुठे नव्हता. कोळसा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तेंदूला बोलाव. तो सांगायचा ते ऊन हे नव्हे."

"त्याला कुठून बोलावू?" कुदळ म्हणाली. "तो तुझ्या डोक्यावरच तर उभा होता."