रोहित पक्ष्यांचं तळं

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा देशोदेशीच्या वाटा माणसं पायीच तुडवत. एका राज्यात एक विणकरीण राहत होती. तिच्या शालूंच्या पदरावर डोंगर असत, धबधबे असत, पाण्यावर उतरणारे पक्षी असत. पण हे सगळं तिनं लोकांच्या तोंडून ऐकलेलं. गावाची वेस तिनं कधी ओलांडली नव्हती.

बारीक कामानं तिचे डोळे अधू झाले. वैद्य म्हणाला, "बाई, फार तर वर्षभर दिसेल. पुढचं माझ्या हातात नाही."

विणकरणीनं दोन दिवसांत हातातला शालू पुरा केला. तिसऱ्या दिवशी तिनं माग झाकून ठेवला आणि दूरदेशी जाणाऱ्या एका तांड्याबरोबर निघाली.

तांड्याबरोबर एक म्हातारा वाटाड्या होता. माणूस अबोल, विचारलं तेवढंच बोलायचा. पण चढणीवर तिचा पाय अडखळला की त्याची काठी न मागता पुढे यायची.

तिनं पहाटे केशरी होणारी बर्फाची शिखरं पाहिली. वाऱ्यासरशी जागा बदलणाऱ्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या. एका धबधब्यापुढे तर लुगडं चिंब भिजलं तरी ती उठेना. मात्र दर महिन्याला तिला सगळं थोडं अधिक पुसट दिसत होतं.

आता एकच ठिकाण राहिलं होतं. एका खाऱ्या तळ्यावर लाखो रोहित पक्षी उतरत आणि सारं तळं गुलाबी होऊन जाई. लहानपणापासून तिला त्याचीच ओढ होती. पक्षी तिथं थोडेच दिवस थांबत.

तळं चार दिवसांवर आलं आणि वाटाड्या तापानं आडवा झाला. तांड्याचा नायक म्हणाला, "याला इथल्या धनगराच्या खोपटात ठेवू. पुढची वाट सरळ आहे. थांबलो तर पक्षी निघून जातील."

"याचं करणार कोण?" विणकरणीनं विचारलं.

"धनगर पाहील जमेल तसं. बाई, तुमच्याकडे दिवस किती उरलेत ते बघा."

तिनं विचार केला. खरं सांगायचं तर तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाही होता. तेवढ्यात म्हाताऱ्यानं आतून पाणी मागितलं. धनगर मेंढरांमागे गेलेला. ती मागे फिरली.

तांडा गेला. महिनाभर तिनं म्हाताऱ्याला पेज भरवली, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. तो उठून बसू लागला तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसेना, नुसती सावली दिसे. तळ्यावरचे पक्षी केव्हाच गेले होते. त्या दिवशी ती खोपटामागे जाऊन पोटभर रडली.

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. "पक्षी वर्षानं परत येतात," तो म्हणाला. "मी तुला नेईन, लेकी."

"नेऊन काय? मी काय पाहणार?"

"मी आहे ना."

वर्षानं तो तिचा हात धरून तिला तळ्याकाठी घेऊन आला. शेजारी बसला आणि बोलू लागला. जन्मात बोलला नसेल इतकं बोलला.

"पुढची रांग चोची चिखलात घालून उभी आहे. पाय अगदी काटक्यांसारखे. सगळे गुलाबी नाहीत गं, पिल्लं राखाडी आहेत. डावीकडचे पाण्यावरून पळायला लागले. आता उठतील बघ."

लाखो पंखांचा आवाज तिच्या डोक्यावरून गेला. तोंडावर पाण्याचे शिंतोडे आले.

"आता?" ती विचारी, आणि तो सांगे. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज बसला, तरी तो थांबला नाही.

पुढे तांड्यातल्या माणसांना कुणी त्या तळ्याबद्दल विचारलं, तर ती माणसं एवढंच म्हणत, "गुलाबी होतं." विणकरीण मात्र तासभर सांगत बसे आणि ऐकणाऱ्यांपुढे सारं तळं उभं राही.

अडलेल्या सोबत्यासाठी जो थांबतो, त्याला जग दाखवणारे डोळे कधी उणे पडत नाहीत.