ताईच्या शंखातला खेकडा

फार मागे, ओहोटीच्या डबक्यात म्हातारं कासव निवाडे करायचं, तेव्हाची गोष्ट. खडकाला चिकटलेल्या कालवबाईंनी खेकड्यावर फिर्याद केली. "मेलेल्या गोगलगायीचा शंख पांघरून हा महिनाभर तिच्या नावानं माझ्याशी बोलला! परवा नांगी लागली तेव्हा कळलं." बाईंना दिसायचं फक्त ऊन आणि सावली, शेजारणीला त्या तिच्या शंखाच्या खरखरीवरून ओळखायच्या.

खेकडा आणखी आत सरकला. "शंख रिकामा होता, आजोबा, म्हणून शिरलो. मी गोगलगाय आहे असं एकदाही म्हटलं नाही."

"मग मी 'ताई' म्हटलं की ओ का देत होतास?" बाई कडाडल्या.

"मला इतक्या मायेनं कुणी कधी हाकच मारली नव्हती," तो पुटपुटला.

कासवानं हुकूम सोडला, "शंख उतरव. खरा कोण आहेस ते दिसू दे."

खेकडा बाहेर आला. त्याचं मऊ पोट उघडं पडलं. तेवढ्यात पाण्यावर बगळ्याची सावली पडली.

"आत जा रे! आधी आत जा!" कालवबाई किंचाळल्या.

खेकडा शंखात घुसला. बगळ्याची चोच शंखावर नुसतीच आपटली.

"बाई," कासवानं विचारलं, "आता हाक कुणाला मारलीत?"

कालवबाईंनी शिंपला जरासा उघडला.

"शेजाऱ्याला," त्या म्हणाल्या.