राजानं तासलेल्या फळ्या

फार फार वर्षांमागे डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. पाऊस तिथं एवढा, की भुईला बारा महिने ओल. म्हणून झोपडी असो की राजाचं घर, सगळ्यांच्या जमिनी लाकडी फळ्यांच्या असायच्या.

त्या राज्यात एक रीत होती. आईबापांच्या पायाखालची जमीन मुलानं स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची. गडीमाणसं लावायची नाहीत. आणि काम पुरं होईपर्यंत आईबापांना कळू द्यायचं नाही, कळलं की पुण्य गेलंच म्हणून समजा! ही रीत कुणी घातली, का घातली, देव जाणे. रीतीला कारण कोण विचारतो?

तिथल्या राजाची आई आंधळी होती. तिचे डोळे गेले तेव्हा राजा पाळण्यात होता. पण म्हातारी मोठी खमकी! काठी घ्यायची नाही, कुणाचा हात धरायची नाही. उठली की माडीवरच्या आपल्या खोलीतून थेट देवघरात, तिथून फुलं निवडायला सज्जात, मग जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खालच्या बायकांशी गप्पा. पाहुणे तोंडात बोट घालायचे. "आंधळ्या? आणि या?" घरच्यांना तर आईला दिसत नाही याचा विसरच पडला होता. सुनेनं एकदा गालिचा अंथरायला काढला, तर म्हणाली, "नको गं बाई, पाय मुके होतात." म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

एके सकाळी राजाला फळ्यांवर रक्ताचे ठिपके दिसले. माग काढत गेला, तर आई टाचेत घुसलेली लाकडाची कपची उपसत बसलेली.

"आई! हे काय?"

"काही नाही रे. जुनं लाकूड, टोचायचंच. तेवढ्यानं मी मरत नाही."

आपण दरबारात गालिच्यांवर चालायचं आणि आईच्या पायात कपच्या! त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

पुढं लेकीच्या बाळंतपणासाठी आई शेजारच्या राज्यात गेली. तिची पालखी वळणाआड झाली न झाली, तोच राजानं धोतर खोचलं आणि रंधा हातात घेतला.

अहो, काय ते दृश्य! राज्याचा धनी गुडघ्यांवर बसून फळ्या तासतोय, मिशीत भुसा, भुवयांत भुसा! प्रधानजी कागदांवर शिक्का घ्यायला आले ते दारातच थिजले.

"महाराज! आपण... आणि सुतारकाम?"

"आईच्या पायाखालची जमीन आहे, प्रधानजी. उभे काय राहताय, बाजूला व्हा, धूळ उडतेय."

राणीनं मात्र धीर करून म्हटलं, "हौसेनं करताय ते ठीक. पण सासूबाईंना एकदा विचारलं असतंत तर?"

"विचारून केलं तर पुण्य काय उरलं? आणि गुळगुळीत जमीन नको, असं म्हणणारं माणूस मला दाखव बघू!"

राणीनं विषय सोडून दिला. सोडायला नको होता, असं मला आजही वाटतं.

राजानं वर आलेले खिळे ठोकून आत बसवले. फळ्यांच्या उचललेल्या कडा तासून काढल्या. गाठी सपाट केल्या. भेगांमध्ये लाख आणि भुसा भरला. आईच्या बिछान्यापासून देवघरापर्यंत फळ्यांचा एक पट्टा झिजून खोलगट झाला होता. "श्शी, किती वाईट दिसतंय!" असं म्हणून त्यानं आजूबाजूचं सगळं लाकूड तासत तासत त्या पट्ट्याच्या पातळीला आणलं. मग ओली वाळू आणि विटेचा तुकडा घेऊन घासघास घासलं. तळहाताला फोड आले, फुटले, तरी गडी हटला नाही. शेवटी राळ आणि जवसाचं तेल कढवून रोगण केलं आणि त्याचे थरावर थर चढवले. जमीन अशी चकाकली, की वाकून बघावं तर आपलंच तोंड दिसावं.

आई परतली. पालखी मागच्या चढावरून थेट माडीच्या दाराशी टेकली, तिथं सगळं घर जमलं. राजाच्या तर पोटात आनंद मावेना. म्हातारीनं उंबरा ओलांडून पाय टेकला आणि टेकलेला पाय झटकन मागं घेतला.

"हे कुणाचं घर आहे?"

सगळे खो खो हसले. वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

"हसताय काय! मला कुठं आणून सोडलंत? पोरा, आहेस का रे तू इथं?"

"अगं आई, आपलंच घर! मी केलं सगळं, या हातांनी. आता तुला काही म्हणता काही टोचायचं नाही."

म्हातारीच्या तोंडचा रंग उडाला. पण मुलाचा स्वर एवढा हरखलेला, की ती कसंबसं "बरं केलंस हो" म्हणाली आणि नेहमीसारखी एकटीच देवघराकडे निघाली. थोडी पुढं जाऊन तिनं पायानं काहीतरी चाचपलं. ते नव्हतं. उजवीकडे चाचपलं, तिथंही नव्हतं. जिकडे पाय ठेवावा तिकडे तेच गुळगुळीत लाकूड. ती वळली, परत वळली. आणि राजा कौतुकानं बघत उभा! आईला दिसत नाही हे त्या घटकेलाही त्याच्या ध्यानात आलं नाही हो!

पुढचं पाऊल जिन्यात पडलं.

एवढा मोठा आवाज झाला, की खाली अंगणातली माणसं जागच्या जागी उभी राहिली. राजा धावत उतरला. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो म्हणाला, "आई, तू कशी चुकलीस? तू तर कधी चुकत नाहीस!"

"अरे, मी पायांनी बघत होते," आई म्हणाली. "कड लागली की देवघर आलं. खिळा लागला की पुढं जिना आहे, थांबायचं. जन्मभर चालून चालून मी एक वाट पाडली होती रे. ती कुठं गेली?"

राजाला ते खोलगट लाकूड आठवलं. "मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

मग म्हातारी रडली. डोळे गेले तेव्हा जिनं टिपूस काढलं नव्हतं, ती हमसून हमसून रडली, आणि तिला रडताना बघून सगळं घर हादरून गेलं.

हाड सांधलं. राजानं वेड्यासारखे खिळे उपसून वर काढले, छिन्नीनं फळ्यांवर ओरखडे पाडले. पण तासून गेलेलं लाकूड कधी परत आलंय? आई त्या ओरखड्यांवर पाय फिरवायची आणि मान हलवायची. "हे मला काहीच सांगत नाही रे."

राजानं राज्यातली रीत बदलली. तिथं आता मुलगा आधी आईबापांपुढं बसतो, काय हवं नको ते विचारतो आणि मगच रंधा उचलतो. राजाच्या घरात मात्र ती खमकी म्हातारी सकाळी जागी व्हायची, बिछान्यावर उठून बसायची आणि कुणीतरी हात धरायला येईल म्हणून वाट बघत राहायची.

म्हणून सांगतो, ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारावं. न विचारता केलेली मायाही माणसाला पांगळं करते.