तानूआत्याची नजर

“...पण मग चित्रात उजेड येत का नाही, दादोबा?”

केरबाने ब्रश खाली टाकला. त्याची तानूआत्या खिडकीपाशी बसून सुपातले तांदूळ निवडत होती, आणि तो तिचं तैलचित्र काढत होता. आज एकविसावा दिवस. उद्या चित्र पुण्याच्या प्रदर्शनाला जायचं होतं. तिथून नापसंत होऊन परत आलं तर ब्रश चुलीत घालीन, असं तो गल्लीभर सांगून बसला होता.

त्याचे म्हातारे गुरू दादोबा चित्राजवळ गेले. रंगवलेल्या खिडकीवर त्यांनी बोट टेकवलं. बोट रुतलं.

“पांढऱ्याच्या किती नळ्या पिळल्यास?”

“पाच.”

“एवढ्यात मारुतीचं देऊळ झालं असतं रंगवून.”

आत्या फिसकन हसली. केरबाचे कान तापले. पदक मिळवलेला गडी तो.

“थट्टा नको. चुकतंय काय, तेवढं सांगा.”

दादोबांनी सावकाश जाऊन खिडकीची दारं ओढून घेतली.

खोलीत अंधार झाला.

“अहो, ऊन चाललंय!”

“तानूबाई कुठं बघतायत, सांग.”

“अंधारात काय दिसणार?”

“एकवीस दिवस बघितलंस ना?”

“सुपाकडं. खाली. तसंच तर काढलंय.”

...

अंधारात तांदूळ सळसळत होते. मधूनच एखादा खडा ताटलीत टणकन पडत होता. आत्याचे हात थांबलेच नव्हते.

“सुपाकडं कशाला बघू?” ती म्हणाली. “खडा बोटाला कळतो, बाबा. मी तुझ्याकडं बघते. तू मान वर केलीस की खाली बघते. पहिल्या दिवशी तूच सांगितलंस ना तसं... सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

केरबाला काही सुधरेना.

“म्हणजे... डोळे चुकले? पण मी तर उजेडाचं विचारलं होतं.”

ताटलीत आणखी एक खडा टणकन पडला.

“डोळे खरवडू, का खिडकी खरवडू? दादोबा, अजून तासभर ऊन आहे!”

तो चाचपडत खिडकीपाशी गेला. कडीवर आधीच दादोबांचा हात होता.

“खिडकी राहू दे. आधी जेवून घे.”