वाकलेला रॉड

"पण उस्ताद, पाणी शिरलं त्यात माझा काय दोष?"

सुकुमार हे चौथ्यांदा विचारत होता. या खेपेला मैनुद्दीन उस्तादांनी कपाळावर हात मारला नाही, एवढाच काय तो फरक.

मिरजेत कृष्णेचं पाणी ओसरून चार दिवस झाले होते. आरोग्यसेविका कुसनाळेबाईंची गाडी पार काचेपर्यंत बुडाली होती. ती सुकुमारने ओढून गॅरेजात आणली. नऊ वर्षं उस्तादांच्या हाताखाली काढलेला हा गडी. दिवाळीपासून गॅरेज त्याच्याकडे जायचं होतं, आणि ते त्याने अर्ध्या मिरजेला सांगून ठेवलं होतं.

"चावी फिरवलीस काय?" उस्तादांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

"न्हाई म्हटलं की, उस्ताद."

तिसऱ्या दिवशी तो चिडलाच. "एवढंबी शिकलो न्हाई का मी? आधी प्लग काढायचे, आतलं पाणी काढायचं, मग हातानं इंजिन फिरवायचं. तोवर चावीला हात लावायचा न्हाई."

धडा अगदी तोंडपाठ होता. उस्तादांना वैताग त्याचाच यायचा.

आज उस्तादांनी इंजिन उघडलं. संध्याकाळी बाई येणार होत्या.

"पुरानं इंजिन खाल्लं, असं सांगतो त्यांना," सुकुमार म्हणाला.

आतून काढलेला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, उस्तादांनी फडक्याने पुसला आणि सुकुमारच्या हातावर ठेवला.

रॉड मधोमध वाकला होता. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली, तर तो असा वाकतो. हे सुकुमारला समजावून सांगायची गरज नव्हती.

"पाण्यानं गंज चढतो," उस्ताद म्हणाले. "हे कुणी केलं?"

सुकुमार रॉड उलटसुलट करून बघू लागला.

"बोल की!"

"एकदाच, उस्ताद... आवाजावरनं कळंल म्हटलं..."

"मग? काय ऐकू आलं?"

"खाडकन..."

उस्तादांनी फडकं बाकावर आपटलं.

"मग... दिवाळीचं काय, उस्ताद?"

"आधी संध्याकाळचं बघ."

"बाईंना सांगू तरी काय?"

"चार दिवस मला सांगितलंस, ते सोडून काहीही सांग."